पुण्याचे माग आणि सार्वजनिक काकांची खादी

दिवाळीच्या आठवड्यात लक्ष्मी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. दुकानदार ठाणामागून ठाण उलगडीत असतो, आणि कापड हे परगावाहूनच यायचे, असे आपण धरूनच चालतो. पण एके काळी याच शहराच्या पेठांत मागांचा खटखटाट चाले. गंज पेठेजवळचा मोमीनपुरा आपण रोज ओलांडतो. मोमीन म्हणजे विणकरांची जमात, हे मात्र ध्यानात येत नाही. त्यांच्याप्रमाणेच साळी आणि कोष्टीही इथे विणीत.

माग खड्ड्याचा असे. विणकर काठावर बसे, पाय खाली पावड्यांवर. एक पावडी दाबली की ताण्याचे काही धागे वर उचलले जात. त्या फटीतून धोटा हाताने फेकायचा, फणीने बाणा ठोकायचा आणि दुसरी पावडी दाबायची. कांड्या भरायच्या बायकामुलांनी. ताण्याला खळ लावून कुंच्याने धागे सोडवायचे, ही पांजणी तर साऱ्या घराने मिळून करायची. आमच्या आजीच्या पेटीत तिचे एक नऊवारी लुगडे आहे. अंग विरले, पण काठ अजून शाबूत आहेत. ते कुणी नेसले हे घरात सर्वांना ठाऊक आहे. कुणी विणले हे कुणालाच नाही.

पेशवाईत या हातांना काम होते. लग्नकार्ये, मानपान, दरबारची वस्त्रे. माधवराव पेशव्यांसारखा कामाच्या व्यापात बुडालेला माणूसही पैठणचे दुपट्टे रंग सांगून मागवी. १८१८ साली राज्य गेले आणि भारी वस्त्रांची गिऱ्हाइके ओसरली. मागोमाग विलायती सूत आले. ते स्वस्त आणि एकसारखे, म्हणून विणकरानेही ते घेतले. आधी रहाट थांबला. मागाची पाळी नंतर आली. १८५६ मध्ये मुंबईची पहिली कापडगिरणी चालू झाली, आणि १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी सलग धावू लागली. गिरणीचा गठ्ठा थेट पुण्याच्या पेठेत येऊन पडला.

अशा वेळी गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांनी १८७२ साली खादीचे व्रत घेतले. वकिली करणारा हा गृहस्थ स्वतः सूत काती. १८७७ च्या दिल्ली दरबारात राजेरजवाडे जरीने लखलखत होते. सार्वजनिक सभेचे हे प्रतिनिधी तिथे जाडेभरडे कापड अंगावर घालून उभे राहिले. गांधीजींच्या चरख्याला अजून ४० वर्षे अवकाश होता!

पुढे १९०५ च्या ऑक्टोबरात लकडी पुलापलीकडे विलायती कपड्यांची होळी झाली. टिळक, शिवरामपंत परांजपे, तरुण सावरकर. ते दृश्य पुणे विसरलेले नाही, विसरूही नये. पण त्या ज्वाळांनी रिकामी केलेली जागा बव्हंशी गिरण्यांच्या कापडाने भरली. मागवाल्याच्या वाट्याला त्यातले थोडेच आले.

मला वाटते, स्वदेशीचा इतिहास सांगताना आपण होळी लक्षात ठेवली आणि रहाट विसरलो. परदेशी कापड टाकून देणे एका संध्याकाळचे काम होते. काकांनी मात्र रोज बसून सूत काढले, आणि तेच विणायला कोणा अनाम विणकराने पावडीवर पाय ठेवला. यंदा पाडव्याला हातमागाचे वस्त्र घरात आले, तर नेसण्याआधी त्याचा काठ जरा उलटून पाहावा. विणणाऱ्याच्या हाताची ओळख पटते ती तिथेच.