'नाइस' या शब्दाची कुळकथा

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे आले की आमच्या घरी पहिला अभिप्राय नातीचा असतो. यंदाही तिने अनारशाचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि म्हणाली, "नाइस!" चिवड्याची चिमूट घेतली, तोही नाइस. दारातली रांगोळी नाइस, शेजारच्यांचा आकाशकंदील नाइस, आणि मी कौतुकाने नवे धोतर नेसून बाहेर आलो तर मीही नाइस! एका शब्दाने तिने सगळी दिवाळी आवरली.

मी हसलो खरा. पण हा शब्द ऐकला की मला थोडे बिचकल्यासारखे होते. आमच्या घराण्यात या शब्दाचे एक जुने प्रकरण आहे. ते सांगायचे तर आधी या शब्दाची कुळकथा सांगितली पाहिजे, आणि ती सांगायची तर आधी घरचा कागद उलगडला पाहिजे.

माझे पणजोबा इंग्रजी अमदानीत एका कचेरीत हिशेबाचे कारकून होते. लक्ष्मीपूजनाला चोपड्यांबरोबर त्यांची एक जुनी मोडी वहीही आमच्याकडे पाटावर मांडली जाते. तिच्या रुमालात घडी घातलेला एक पिवळा कागद असतो. १८९३ साली त्यांच्या गोऱ्या साहेबाने दिलेला तो शेरा. पणजोबांना वरची जागा मिळायची होती, ती मिळाली नाही, आणि का मिळाली नाही ते या कागदात आहे, असे आजी सांगे. पूजा झाली, प्रसाद वाटला, की ती आम्हा मुलांना जवळ घेऊन म्हणे, "साहेबानं लिहून दिलं, मामंजी फार नाइस आहेत. फार चांगला माणूस पडला, म्हणून मागे राहिला. तुम्ही बाबांनो, फार नाइस होऊ नका!"

हे वाक्य आमच्या घरात म्हणीसारखे रुळले. कुणी दुकानदाराशी घासाघीस केली नाही, की "फार नाइस होऊ नकोस." कुणी भावाबंदांत जमिनीचा तुकडा हसत सोडला, की "पणजोबांसारखा नाइस निघालास." चांगुलपणाने नुकसान होते, आणि खुद्द सरकारने तसे लेखी कळवले आहे, असा तीन पिढ्यांचा समज या एका कागदावर उभा होता.

माझे वडील शाळेत इंग्रजी शिकवीत. तो कागद आजीला त्यांनी कधी वाचून दाखवल्याचे मला आठवत नाही. गोष्ट सुरू झाली की ते निरांजनाची वात पुढे सारीत बसत. त्यांच्या पश्चात त्यांचा जाडजूड इंग्रजी कोश माझ्याकडे आला. एके दिवशी तो सहज उघडला, तर एका पानात कागदाची पट्टी होती. ते 'नाइस' या शब्दाचे पान होते. दोन अर्थांखाली पेन्सिलीची रेघ आणि समासात एक प्रश्नचिन्ह. 'चांगला' या अर्थाखाली मात्र रेघ नव्हती.

तेव्हापासून मी या शब्दाच्या मागे लागलो. त्याचे पूर्वचरित्र पाहून मी थक्क झालो. हल्ली चारचौघांत इतक्या सभ्यपणे वावरणारा हा शब्द मुळात शिवी होता!

त्याचा मूळपुरुष लॅटिनमधला 'नेस्कियस'. 'ने' म्हणजे नाही आणि 'स्किरे' म्हणजे जाणणे. तेव्हा नेस्कियस म्हणजे काही न जाणणारा, अजाण. मौज अशी की याच 'स्किरे' धातूपासून 'सायन्स' हा शब्द आला. म्हणजे नाइस आणि सायन्स हे एकाच घरातले. एक विद्वान निघाला, दुसरा अडाणी. लॅटिनमधून हा शब्द जुन्या फ्रेंचमध्ये उतरला तो 'मूर्ख' असा अर्थ घेऊन. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि पुढची काही शतके दरबारात फ्रेंचचा तोरा राहिला. त्या काळात जे शेकडो फ्रेंच शब्द इंग्रजीत येऊन राहिले त्यांतला हा एक. इ. स. १३०० च्या सुमारास इंग्रजीत त्याचा पहिला अर्थ सापडतो तो बावळट, मूर्ख असाच. १४०० साली वारलेला कवी चॉसर हा शब्द मूर्खाला लावतो. त्या काळी एखाद्या यजमानीणबाईला "आपण फार नाइस आहात" असे म्हटले असते, तर जेवण राहिले बाजूला, दाराबाहेर जाण्याची वेळ आली असती.

मग या मूर्खाचा सभ्य गृहस्थ कसा झाला? एका रात्रीत झाला नाही. जिना चढावा तसा एकेक पायरी चढत गेला. मूर्खपणाने वागणारा तो छचोर, अशी पहिली पायरी. छचोर माणसाला कपड्यालत्त्याचा, नटण्यामुरडण्याचा सोस; म्हणून दुसरी पायरी नखरेल. नखरेल माणसाला सहसा काही पसंत पडत नाही, तो नाक मुरडतो. म्हणून तिसरी पायरी चोखंदळ. चोखंदळ माणूस बारकाईने पाहतो, तिळाचाही फरक त्याच्या नजरेतून सुटत नाही. म्हणून चौथी पायरी काटेकोर, सूक्ष्म, अचूक. सोळाव्या शतकापर्यंत एवढा प्रवास झाला होता. आणि गंमत म्हणजे वरच्या पायरीवर गेला म्हणून खालची पायरी त्याने लगेच सोडली नाही. एकाच वेळी चार-पाच पायऱ्यांवर पाय ठेवून हा शब्द उभा होता.

शेक्सपिअरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये याचा चांगला मासला आहे. हे नाटक १५९७ साली प्रथम छापले गेले. ज्युलिएटचे मरण खोटे आहे, तिला गुंगीचे औषध दिले आहे, हे सांगणारे पत्र रोमिओला पोहोचत नाही, आणि त्यातून सारा अनर्थ ओढवतो. पत्र पोहोचले नाही असे कळताच ते लिहिणारा धर्मगुरू हळहळतो, आणि ते पत्र 'नाइस' नव्हते असे म्हणतो. आजचा विद्यार्थी हे वाचून गोंधळतो. पत्र चांगले नव्हते, तर न पोहोचले ते बरेच झाले की! पण तिथे नाइस म्हणजे क्षुल्लक. ते पत्र क्षुल्लक नव्हते, दोन जिवांचा प्रश्न होता, असे त्या बिचाऱ्याला म्हणायचे आहे. शब्द तोच, अक्षरे तीच. मधल्या चारशे वर्षांनी त्याचा अर्थ पार उलटा ऐकू येतो.

डॉ. जॉन्सनचा प्रसिद्ध कोश निघाला १७५५ साली. त्यात या शब्दाचा भर आहे तो काटेकोरपणावर, आणि गरजेपेक्षा जास्त काटेकोरपणावर. 'छान' हा अर्थ रुजला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. ज्या पदार्थाची चव नाजूक, पारखून घेण्याजोगी, तो नाइस. मग चव बाजूला राहिली आणि जे जे आवडेल ते नाइस झाले. 'प्रेमळ, दुसऱ्याची कदर करणारा' हा अर्थ तर त्याहून मागाहूनचा, १८३० च्या सुमाराचा.

जुन्या वळणाच्या लोकांना हे रुचले नाही. जेन ऑस्टिनच्या 'नॉर्थँगर ॲबे' या कादंबरीत एक तरुण मुलगी एका पुस्तकाला नाइस म्हणते, तेव्हा नायक तिची फिरकी घेतो. नीटनेटके असे म्हणायचे असेल, तर ते बांधणीवर अवलंबून आहे, असे तो म्हणतो. पूर्वी ठरावीक गुणांसाठी असलेला शब्द आता प्रत्येक गोष्टीच्या स्तुतीला वापरतात, अशी त्याची तक्रार. ही कादंबरी लेखिकेच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या अखेरीस बाहेर पडली. म्हणजे माझ्या नातीबद्दलची माझी तक्रार दोनशे वर्षांची जुनी आहे, आणि दोनशे वर्षांत ती कुणी मनावर घेतलेली नाही!

यावरून कुणी इंग्रजीला लहरी म्हणेल, तर त्याने आधी आपल्या घरात डोकावावे. संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकवण. मराठीत शिक्षा म्हणजे छडी. संस्कृतात चेष्टा म्हणजे हालचाल, खटपट. मराठीत चेष्टा म्हणजे टिंगल. तिथे राग म्हणजे रंग आणि अनुराग. इथे राग आला की ताट भिरकावले जाते. आणि 'शहाणा' हा शब्द तर केवळ आवाजाच्या हेलकाव्याने गुण किंवा अवगुण ठरतो. त्याच्यामागे 'दीड' लावला की मग विचारूच नका.

पण या सर्वांवर ताण करणारे उदाहरण सम्राट अशोकाचे. आपल्या शिलालेखांत तो स्वतःला 'देवानंपिय' म्हणवतो. देवांना प्रिय असलेला, केवढी मानाची पदवी! त्याच्या धर्मलिपीचा एक तुकडा आपल्या वसईजवळच्या सोपाऱ्यास पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली सापडला. पुढे काय झाले? हीच पदवी संस्कृतात 'देवानांप्रिय' या रूपात राहिली, आणि वैयाकरणांनी तिचा अर्थ नोंदवला: मूर्ख! इंग्रजीतल्या 'सिली' या शब्दाचेही तेच झाले. जुन्या इंग्रजीत तो भाग्यवान, धन्य अशा अर्थाचा होता. मग निष्पाप, मग बिचारा, मग दुबळा, आणि शेवटी वेडगळ. ज्या जिन्याने नाइस वर चढला, त्याच जिन्याने सिली आणि देवानांप्रिय खाली उतरले. मध्ये कुठे तरी त्यांची गाठ पडली असली, तर त्यांनी एकमेकांना कोणत्या नावाने हाक मारली असेल कोण जाणे!

आता पुन्हा त्या पिवळ्या कागदाकडे येतो.

एवढे सारे वाचून झाल्यावर एका लक्ष्मीपूजनाला मी तो कागद स्वतः उलगडला आणि भिंग घेऊन वाचला. आजीच्या गोष्टीतून एक शब्द गळला होता. साहेबाने लिहिले होते ते असे: मनुष्य प्रामाणिक, अक्षर उत्तम, परंतु हिशेबात फार नाइस, वरच्या जागेस शिफारस करता येत नाही.

हिशेबात नाइस! हिशेबात माणूस गोड कसा असेल? प्रेमळ कसा असेल? साहेबाच्या लेखणीतला नाइस हा नातीचा नाइस नव्हता. तो जॉन्सनच्या कोशातला होता. पणजोबा काटेकोर होते, आणि साहेबाच्या मते जरुरीपेक्षा जास्त काटेकोर होते. वडिलांनी ज्या दोन अर्थांखाली रेघ ओढली होती, ते हेच: एक 'अचूक' आणि दुसरा 'चोखंदळ, कटकट्या'. समासातले प्रश्नचिन्ह या दोहोंमधले होते. वडिलांना सारे उमगले होते. तरीही ते आजीपुढे वात सारीत गप्प बसले, कारण सासऱ्यांच्या चांगुलपणाची गोष्ट सांगताना तिचा चेहरा कसा उजळे ते त्यांनी पाहिले होते.

दोहोंपैकी कोणता अर्थ घ्यावा? ऑक्सफर्डचा थोर इंग्रजी कोश १८८४ पासून भागाभागाने निघत १९२८ साली पुरा झाला. त्याच्या संपादकांनीही या शब्दापुढे हात टेकले आहेत. सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या अनेक उताऱ्यांत लेखकाला नेमका कोणता अर्थ अभिप्रेत होता ते सांगणे कठीण आहे, असे त्यांनी नमूद केले आहे. ज्यांनी आयुष्ये शब्दांत घालवली त्यांची ही गत, तर माझी काय कथा!

पण माझ्याजवळ त्यांच्याकडे नसलेला एक पुरावा होता: पणजोबांची वही. मोडी जाणणाऱ्या एका वृद्ध स्नेह्यांकडून मी ती वाचून घेतली. घरखर्चाचीच वही, तांदूळ, तेल, नारळ, देवदर्शनाची दक्षिणा. एके दिवशी जमाखर्चात एक पै कमी आली आहे. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै. म्हणजे रुपयाचा एकशे ब्याण्णवावा भाग. त्याखाली नोंद आहे: 'शोध चालू.' दुसऱ्या दिवशी 'शोध चालू.' तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी: 'पै सापडली. वाण्यास जास्त गेली नव्हती. आपलीच बेरीज चुकली.'

ही नोंद ऐकताना मला ते प्रथमच दिसले. दिव्याजवळ बसून, एका पैसाठी चार रात्री बेरजा तपासणारा, आणि चूक आपली निघाल्यावर तीही लिहून ठेवणारा माणूस. अशा कारकुनाचा साहेबाला कंटाळा आला असेल, यात नवल नाही. वरच्या जागेवर थोडी सैल बोटे लागतात, असेही त्याला वाटत असेल. पण हा माणूस भोळेपणाने मागे राहिला नाही, हे नक्की. आमच्या घराने शंभर वर्षे त्याच्यावर दया केली, आणि त्याच्या नावाने मुलांना चांगुलपणापासून सावध केले. दोन्ही गोष्टी चुकीच्या होत्या. बेरीज आपलीच चुकली होती.

यंदा फराळ झाल्यावर मी ही हकीकत नातीला सांगितली. तिने सारे ऐकून घेतले आणि विचारले, "मग ते नाइस होते की नव्हते?"

मी म्हटले, "बाळ, इंग्रजीचे मला ठरवता येत नाही. पण आपल्या भाषेत त्याला सरळ शब्द आहे. ते चोख होते."

"चोख म्हणजे?"

"खऱ्या सोन्याला म्हणतात, आणि खऱ्या हिशेबालाही."

तिने तो शब्द एकदा जिभेवर घोळवला, अनारशाचा उरलेला तुकडा उचलला, आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडली, "आई, अनारसे एकदम चोख झालेत!"

मी तिची चूक सुधारली नाही. शब्द असेच तर घरे बदलतात.