गिरणगावचे शाहीर आणि मुंबईची गाणी

मुंबईत कापडाची पहिली गिरणी काढण्यासाठी कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये कंपनी स्थापन केली आणि 1856 मध्ये ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. पुढच्या काही दशकांत भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, लोअर परळ, वरळी, नायगाव, शिवडी हा सारा टापू गिरण्यांच्या धुराड्यांनी भरून गेला आणि लोक त्याला गिरणगाव म्हणू लागले. कामगार प्रामुख्याने दोन वाटांनी आले. रत्नागिरी जिल्ह्यातले लोक बोटीने उतरले. सातारा, पुणे, कोल्हापूर, सांगली या घाटावरच्या भागांतले काही रेल्वेने, काही पायी आले. वळकटीसोबत त्यांनी आपापल्या गावची गाणीही आणली. मुंबईचे खरे स्वरूप सांगणारे मराठी गीत या गाण्यांतून घडले.

कोकणातल्या माणसांकडे दशावतार, नमन-खेळे, जाखडी नाच आणि भजन होते. जाखडीतल्या शक्तिवाले आणि तुरेवाले या दोन पक्षांचे सवाल-जवाब चाळीच्या पटांगणात रंगत. दोन भजनी बुवा समोरासमोर बसून एकमेकांना कोडी घालत ती डबलबारी रात्रभर चाले. घाटावरच्यांनी पोवाडा, लावणी आणि तमाशा आणला. कामगारांची वस्ती मोठ्या प्रमाणात एकट्या पुरुषांची होती. बायकापोरे गावी, आणि इथे एकेका खोलीत गाववाल्यांचा गाळा. पाळी सुटली की खानावळीत जेवायचे आणि मग भजन, आखाडा किंवा तमाशा, एवढीच करमणूक. गावी राहिलेल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्यांतही मुंबई येई, पण ती घरधन्याला आणि भावाला घेऊन गेलेली नगरी म्हणून.

तमाशाला मुंबईत मोठा आश्रय मिळाला तो याच वर्गामुळे. पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. त्यांचा जन्म 1866 मध्ये रेठरे हरणाक्ष येथे ब्राह्मण कुटुंबात झाला. कुलकर्णीपण सोडून ते तमाशात आले, महार समाजातील पवळा या कलावतीबरोबर फडावर उभे राहिले आणि त्यासाठी जातीचा बहिष्कार पत्करला. त्यांच्या मुंबईवरील लावणीत बाहेरून आलेल्या माणसाचे दिपलेले डोळे आहेत. शहराचे वैभव, रस्ते, गर्दी, चैन यांचे ठसकेबाज वर्णन करताना त्यांनी मुंबईला रावणाच्या लंकेची उपमा दिली. ही मुंबई पाहण्याची आहे. तिथे राबणारा माणूस मात्र या लावणीच्या केंद्रस्थानी अजून आलेला नाही.

तो आला तो संपांच्या काळात. 1928 च्या एप्रिलपासून सुमारे सहा महिने मुंबईच्या गिरण्या बंद राहिल्या. त्या संपातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि गिरणगाव हे राजकीय सभांचे केंद्र झाले. याच सुमारास आणखी एक प्रश्न ऐरणीवर आला. मागावर धोट्यात नवी कांडी भरली की धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. दुसऱ्याच्या उष्ट्याचा विटाळ होतो या कारणावरून अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत, आणि चांगली मजुरी तर त्याच खात्यात होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा भेद दूर करण्याची मागणी लावून धरली. गिरणीतली ही वागणूक आणि बीडीडी चाळींतले जगणे यांनी आंबेडकरी जलशांसाठी, म्हणजे गाणी आणि संवादांतून विचार मांडणाऱ्या कार्यक्रमांसाठी, जमीन तयार केली. सत्यशोधक जलशांची परंपरा पुढे नेत भीमराव कर्डक यांनी 1930 च्या दशकात गावोगाव आणि मुंबईच्या वस्त्यांत जलसे केले. वामनदादा कर्डक शिवडीच्या कामगार वस्तीत राहिले, मोठेपणी लिहावाचायला शिकले आणि 1943 मध्ये त्यांनी पहिले गीत रचले. पुढे बाबासाहेबांवरची हजारो भीमगीते त्यांच्या नावावर जमा झाली. शाहीर विठ्ठल उमप यांचा तर जन्मच 1931 मध्ये नायगावचा. पोवाडा, भारूड, गोंधळ, कव्वाली या साऱ्या प्रकारांत त्यांचा आवाज फिरला.

गिरणगावच्या शाहिरीला तिचा सर्वांत ठळक आवाज दिला अण्णा भाऊ साठे यांनी. त्यांचे मूळ नाव तुकाराम. 1 ऑगस्ट 1920 रोजी वाटेगावच्या मांगवाड्यात जन्मलेला हा मुलगा आईवडिलांबरोबर पायी मुंबईला आला. त्याने गिरणीत काम केले, पडेल ती मजुरी केली, दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाच्या जाहिराती पाहून अक्षरे गिरवली. माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये कम्युनिस्ट कार्यकर्त्यांच्या सहवासात तो गाणी रचू लागला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रचलेल्या स्टालिनग्राडच्या पोवाड्याने त्यांचे नाव झाले. 1944 मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. तिघे तीन वळणांचे होते. अण्णा भाऊ रचनेत आणि अभिनयात तरबेज, गव्हाणकर कवी आणि संघटक, तर बार्शीहून आलेले मेहबूब हुसेन पटेल ऊर्फ अमर शेख यांचा पहाडी आवाज मैदानाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा.

कलापथकाचा खेळ उभा करायला फार काही लागत नसे. चाळीचे पटांगण, दोन बाकडी किंवा एखादी हातगाडी, डफ, तुणतुणे, ढोलकी आणि झांज. मुख्य शाहीर वरच्या पट्टीत ओळ टाकी, मागचे झीलकरी तिचा शेवट उचलून धरत आणि तेवढ्या अवकाशात शाहीर पुढच्या कडव्याचा दम घेई. मध्येच गाणे थांबवून तो गद्यात प्रसंग समजावून सांगे आणि लगेच चढ्या लयीत परत येई. पोवाड्याची ही घडण शिवकाळापासूनची, पण तिच्यात आता संप, महागाई, रेशन आणि बंगालचा दुष्काळ आला.

तमाशाच्या बाबतीत अण्णा भाऊंनी अधिक धीट बदल केला. पारंपरिक तमाशात आधी गण म्हणजे गणपतीचे स्तवन, मग कृष्ण आणि गवळणींचा प्रसंग, बतावणी म्हणजे विनोदी संवाद आणि शेवटी वग म्हणजे कथानाट्य असा क्रम असतो. अण्णा भाऊंनी गणात देवाच्या जागी मायभूमी, तिच्यासाठी लढणारे वीर आणि कष्टकरी यांना वंदन केले, गवळण गाळली आणि वगाच्या जागी आजच्या काळातले कथानक आणले. राजा-प्रधानाच्या ऐवजी सावकार, शेटजी, निवडणुकीचा उमेदवार, शेतकरी आणि कामगार रंगमंचावर बोलू लागले. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’ ही त्यांतली गाजलेली नावे. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली आणि लाल बावटा कलापथकाच्या कार्यक्रमांनाही मनाई झाली. त्या काळात या नव्या तमाशाला लोकनाट्य हे नाव रूढ झाले. पुढे मराठी रंगभूमीवर लोकनाट्याला जो बहर आला, त्याचा पाया गिरणगावच्या पटांगणात घातला गेला.

अण्णा भाऊंची ‘मुंबईची लावणी’ पठ्ठे बापूरावांच्या लावणीशेजारी ठेवली की शहराकडे पाहण्याची दृष्टी कशी बदलली ते कळते. लावणीचा बाज तोच आहे. तीच वस्त्यांची आणि रस्त्यांची नावे घेत पुढे जाण्याची रीत आहे, शब्दांचा ठसकाही तोच. पण नजर आता खालून वर जाणारी आहे. एका बाजूला मलबार हिलचे ऐश्वर्य, दुसऱ्या बाजूला परळमध्ये रात्रंदिवस घाम गाळणारी माणसे. शरीर विकणाऱ्या बायका, बेकार तरुण, फुटपाथवर झोपणारे, देशभरातून पोटासाठी आलेले नाना जातींचे लोक असे सगळे एका सुरात येतात. बापूरावांनी मुंबई पाहिली आणि अण्णा भाऊंनी ती भोगली, हा फरक दोन्ही रचनांच्या प्रत्येक कडव्यात आहे.

या शाहिरीचा कस लागला तो संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात. मुंबई महाराष्ट्राला द्यायची की वेगळी ठेवायची या वादात 21 नोव्हेंबर 1955 रोजी फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. पुढच्या वर्षीही गोळीबार झाले आणि एकूण शंभराहून अधिक माणसे हुतात्मा झाली. त्यांत गिरणगावच्या कामगारांचा मोठा भरणा होता. अमर शेख, अण्णा भाऊ, गव्हाणकर आणि शाहीर आत्माराम पाटील सभांमध्ये पुढाऱ्यांच्या भाषणांइतकेच महत्त्वाचे ठरले. शिवाजी पार्कपासून खेड्यांच्या चावडीपर्यंत आधी शाहीर उभा राही आणि मग वक्ता. ‘माझी मुंबई’ या लोकनाट्यात अण्णा भाऊंनी शहरावर हक्क कोणाचा, भांडवल गुंतवणाऱ्याचा की श्रम करणाऱ्याचा, हा प्रश्न थेट विचारला.

याच काळातली त्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड, म्हणजे लावणीच्या वळणाची रचना, कारागिरीच्या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखी आहे. सुरुवातीला ती निव्वळ विरहगीत वाटते. मुंबईत पोट भरायला आलेला कामगार गावी राहिलेल्या बायकोच्या रूपाचे, स्वभावाचे, निरोपाच्या क्षणाचे वर्णन करतो. गाळ्यात राहणाऱ्या हजारो पुरुषांना ते स्वतःचेच वाटावे असे. मग मुंबईतली बेकारी आणि लढ्याचा वणवा येतो. शेवटी ती मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेला बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव हा मराठी मुलूख होतो. नवरा-बायकोच्या ताटातुटीवरून राज्याच्या ताटातुटीवर येताना चाल बदलत नाही की भाषा जड होत नाही. राजकीय मागणी इतक्या घरगुती दुःखातून सांगणारी दुसरी रचना त्या लढ्यात झाली नाही.

1 मे 1960 रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांचे संगीत आणि शाहीर साबळे यांचा आवाज यांतून साकारलेले महाराष्ट्रगीत 2023 मध्ये राज्यगीत म्हणून स्वीकारले गेले. वाईजवळच्या पसरणीहून आलेले कृष्णराव साबळे यांनी मुक्तनाट्याचा प्रकार रुजवला. 1966 च्या ‘आंधळं दळतंय’ या त्यांच्या मुक्तनाट्यात मुंबईतच परका होत चाललेल्या मराठी माणसाची व्यथा होती. 1969 मध्ये सव्वा महिन्याच्या अंतराने आधी अण्णा भाऊ आणि मग अमर शेख गेले. शाहिरीचे एक पर्व तिथे संपले.

मुंबईचा सूर घडवणारा आणखी एक प्रवाह गोव्याहून आला. धोबीतलाव आणि आसपासच्या कुडांमध्ये, म्हणजे गावागावांच्या सामायिक निवासांत, गोव्याचे खलाशी, आचारी आणि वादक राहत. कोकणी तियात्राचा, म्हणजे गाण्यांनी सजलेल्या नाटकाचा, पहिला प्रयोग 17 एप्रिल 1892 रोजी झाला तो गोव्यात नव्हे, मुंबईत. चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेले हे वादक हॉटेलांतल्या जॅझ बँडमध्ये आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदात आले. ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजलेले ट्रम्पेटवादक आंतोनियो शावियर वाझ यांचा ताफा सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’त 1951 मध्ये दिसला आणि ऐकू आला. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या संयोजकांनी हिंदी चित्रपटगीताचा पोत बदलून टाकला. ‘सी.आय.डी.’ या 1956 च्या चित्रपटातले मजरूह सुलतानपुरी आणि ओ. पी. नय्यर यांचे मुंबईवरचे गीत देशभर गेले. इथे जगणे किती अवघड आहे हेच तेही सांगते. फोर्टच्या फुटपाथवरून आणि परळच्या चाळीतून दिसलेली मुंबई एकच होती.

18 जानेवारी 1982 रोजी कामगारनेते डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप कधी रीतसर मिटलाच नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि जमिनींवर मॉल, कार्यालये आणि टॉवर उभे राहिले. त्याचा घाव गाण्यालाही बसला. लालबागचे हनुमान थिएटर हे मुंबईतले तमाशाचे हक्काचे ठिकाण होते. फडमालक तिथे मुक्काम ठोकत आणि पाळी सुटलेला कामगार तिकीट काढून आत जाई. प्रेक्षकाच्या हातचे काम गेल्यावर तिकीटही गेले आणि थिएटर बंद पडले. कामगार कुटुंबे डोंबिवली, बदलापूर, विरारकडे सरकली आणि जमायला लागणारे चाळीचे पटांगण हरवले.

प्रवाह मात्र आटला नाही. संभाजी भगत यांनी शाहिरी वस्त्यांतून आणि महाविद्यालयांतून नव्या पिढीपुढे नेली. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या चित्रपटाच्या केंद्रस्थानी गाण्यामुळे खटल्यात अडकलेला मुंबईतला शाहीर आहे, आणि त्याचे संगीत भगत यांचेच आहे. कुर्ला-अंधेरीच्या गल्ल्यांतून आलेल्या नेझी आणि डिव्हाइन यांनी 2010 च्या दशकात हिंदी रॅपमध्ये वस्तीचे जगणे मांडले. त्यांना डफ-तुणतुण्याचा वारसा थेट मिळालेला नाही, पण वस्त्यांची नावे घेत, कोणाच्या वाट्याला काय आले याचा हिशेब मागत गाण्याची रीत तीच आहे. भजनी मंडळे तर लोकलच्या डब्यात टाळ घेऊन चढली.

मुंबईचा इतिहास गिरण्यांच्या ताळेबंदांतून आणि सरकारी अहवालांतून लिहिता येतो, पण त्यात राबणाऱ्या माणसाला शहर कसे वाटले हे सापडत नाही. ते लावणीत, पोवाड्यात, छक्कडीत आणि भीमगीतात सापडते. गावाहून आणलेल्या जुन्या चालींत या माणसांनी शहराचे नवे दुःख आणि नवा हक्क बसवला. म्हणून शाहिरांच्या या रचना करमणुकीच्या कप्प्यात न ठेवता मुंबईच्या इतिहासाची अस्सल साधने म्हणून जपल्या आणि अभ्यासल्या गेल्या पाहिजेत.