भोपळ्याचे भाडे

रायपूरला समुद्र नाही. मुंबईचे बंदर तेथून लोहमार्गाने अकराशे किलोमीटरांहून दूर आहे, तर हावडा आठशेंहून. विशाखापट्टण त्या मानाने जवळ, तरी पाचशेंच्या वरच. रायपूरच्या पश्चिमेस खैरागड येथे 1956 साली संगीत व कला यांचे विश्वविद्यालय निघाले आणि श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्यासारख्या थोर मराठी संगीतज्ञाने त्याचे कुलगुरुपद भूषविले. अशा विद्यापीठात शिकून परदेशी परतणाऱ्या विद्यार्थ्याला रागांचे ओझे नसते. ओझे असते ते तंबोऱ्याचे. आणि तेही वजनाचे नव्हे.

जहाजवाल्यांचा एक जुना हिशेब आहे. माल जड असेल तर वजन धरावे आणि हलका पण ऐसपैस असेल तर चाळीस घनफुटांचा एक टन मानावा. साडेपाच फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच अशा खोक्यात पुरुषी तंबोरा बसविला, की बावीस घनफूट जागा अडते. जो तंबोरा गवई एका हाताने उचलतो, तो जहाजावर चढताच अर्ध्या टनाहून अधिक भरतो! विमानाचा हिशेब याच कुळातला आहे. तेथे 6000 घन सेंटिमीटरांना एक किलो धरण्याचा प्रघात असल्याने तेच खोके सुमारे 104 किलोंचे ठरते. भाडे द्यावयाचे ते मुख्यतः भोपळ्यातल्या पोकळीचे. आणि ती पोकळी काढून टाकावी, तर नादच जातो.

या भाड्याचा वाद्यांच्या इतिहासाशी असलेला संबंध सहसा कोणी ध्यानी घेत नाही. हार्मोनियम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पॅरिसात आकाराला आली. पायांनी भाता हाकण्याच्या त्या अवजड पेट्या जहाजातून हिंदुस्थानात येत. पुढे 1875 च्या सुमारास कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांनी हाताने भाता चालविण्याची आटोपशीर पेटी केली. मांडी घालून बसणाऱ्या गवयाची सोय तीत होतीच, परंतु व्यापाऱ्याचीही होती. लाकूडकाम येथे होऊ लागले आणि पॅरिसहून व जर्मनीहून आणावयाचे उरले ते पितळी रीड, जे लहानशा डब्यात शेकड्यांनी मावतात. कालांतराने तेही सौराष्ट्रातील पालिताण्यास होऊ लागले. ज्या पेटीला 1940 साली नभोवाणीने दार बंद केले व 1971 साली ते किलकिले केले, तिच्या घरोघरी झालेल्या प्रसारात या स्वस्त वाहतुकीचा वाटा लहान नसावा.

तंबोऱ्याला ही युक्ती साधत नाही. मिरजेत शिकलगारांच्या घराण्यातील फरीदसाहेबांनी 1850 च्या सुमारास शस्त्रांचे काम सोडून तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला. पंढरपूरच्या बाजूचा भोपळा, तुणीच्या लाकडाची दांडी, वर तबली, असा हा सांधा एकदा जमला की तो उकलून धाडता येत नाही. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यास 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते योग्यच झाले. तथापि मानांकनाने घनफूट कमी होत नाहीत. त्यातच कागदपत्रांचा खर्च आहे. घोडी सांबरशिंगाची असेल तर परदेशी पाठविण्यास मनाई, म्हणून उंटाचे हाड वा कृत्रिम द्रव्य वापरावे लागते. शिसवीच्या जातीच्या लाकडावर 2017 च्या आरंभी जगभर परवान्याचे बंधन आले. तयार वाद्यांना त्यातून सूट मिळेपर्यंत 2019 चा नोव्हेंबर उजाडला.

भाडे टाळण्याच्या वाटा निघाल्या आहेत. भोपळ्यावाचूनचा, चपट्या पेटीचा तंबोरा प्रवासात सोयीचा पडतो. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी 1979 मध्ये विजेवरचा तंबोरा सिद्ध केला. तो पिशवीतून समुद्रापार जातो. साथीला ही साधने चालतात, परंतु घोडीवर जवारी लावून उघडलेला आस त्यांतून तसा निघत नाही, आणि त्यांच्या विक्रीतून मिरजेच्या कारागिराच्या पदरी काही पडत नाही.

म्हणून दूरदेशीचा जाणकार अजूनही खरा तंबोरा मागवतो. तारा सैल करतात, घोडी काढून वेगळी गुंडाळतात, भोपळ्याभोवती मऊ भरण ठासतात. मग खोक्याची लांबी, रुंदी, उंची मोजली जाते. काटा मात्र बाजूलाच राहतो.