वसा, रेंज आणि चाळीस दिवस

२०२५ सालच्या ५ मार्चला सकाळी वसईच्या एका मैत्रिणीचा निरोप आला. एम. ए.ला आम्ही एका बाकावर बसत असू. आज राखेचा बुधवार, तेव्हा आजपासून ईस्टरपर्यंत, म्हणजे २० एप्रिलपर्यंत, आपण इंटरनेटवर नसू. काही निकडीचे असल्यास फोन करावा, नसल्यास पत्र लिहावे, पत्ता जुनाच आहे, एवढाच मजकूर. त्यात उपदेश नव्हता आणि आपण काही विशेष करीत आहोत असा भावही नव्हता. वाचून मला प्रथम हेवा वाटला, नंतर थोडा राग आला (आमच्या विभागाचे निम्मे काम तिने दिलेल्या संदर्भांवर चालते), आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही ओसरून कुतूहल उरले. प्रस्तुत टिपणाचा उगम त्या कुतूहलात आहे.

वसईच्या मराठी कॅथलिक समाजात या दिवसांना प्रायश्चित्तकाळ किंवा उपवासकाळ म्हणतात. येशूने अरण्यात चाळीस दिवस उपवास केला, त्याचे हे स्मरण. दिनदर्शिकेवर मोजू गेल्यास राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत शेहेचाळीस दिवस भरतात. पण प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचा सण मानला जात असल्याने मधले सहा रविवार उपवासात धरीत नाहीत. ईस्टरचा दिवसही वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवरून ठरतो. आपल्यासारख्या पंचांगात वाढलेल्या माणसांना यात परके असे फारसे काही वाटू नये. प्रार्थना, उपवास आणि दानधर्म ही या काळाची तीन अंगे होत. मध्ययुगीन युरोपात मांसाबरोबर अंडी आणि दूधदुभतेही वर्ज्य असे. गोव्यातला कार्निव्हल म्हणजे या वर्ज्यकाळाच्या उंबरठ्यावरची अखेरची मौज, हे आता पर्यटकांच्या गर्दीत कुणाच्या लक्षात राहत नाही.

इंटरनेट या वर्ज्यांच्या यादीत केव्हा आले, याचा एक ठळक टप्पा सांगता येतो. २००९ साली इटलीतील मोदेना धर्मप्रांताने तरुणांना आवाहन केले की, या काळातल्या शुक्रवारी मोबाइलवरून संदेश पाठवू नयेत. त्यामागचे एक कारण मला फार महत्त्वाचे वाटते. मोबाइलसाठी लागणारे टँटलम हे मूलद्रव्य कोल्टन नावाच्या खनिजातून मिळते आणि काँगोतील यादवीला या खनिजाच्या व्यापाराने इंधन पुरवले होते. एक दिवस संदेश न पाठवणाऱ्याने त्या खाणींची आठवण ठेवावी, असा हेतू होता. म्हणजे तो उपवास केवळ स्वतःच्या मनःशांतीसाठी नव्हता. सोडलेली वस्तू कुठून येते आणि कुणाच्या जिवावर येते, याकडे बोट दाखवणारा होता. पुढे २०२० च्या राखेच्या बुधवारी, २६ फेब्रुवारीला, पोप फ्रान्सिस यांनीही हा काळ मोबाइलपासून दूर होऊन शुभवर्तमानाशी जोडले जाण्याचा आहे, अशा अर्थाचे प्रतिपादन केले. इतिहासाची थट्टा अशी की त्यानंतर काही आठवड्यांतच चर्चची दारे बंद झाली आणि त्या वर्षीचा १२ एप्रिलचा ईस्टर जगभरच्या भाविकांनी पडद्यावरच पाहिला. ज्याच्यापासून दूर व्हायचे, तेच देवळात जाण्याचे एकमेव दार झाले.

आमच्या महाविद्यालयाचेही तेच दार झाले. मी भोरला शिकवते. मुले भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतली. (वेल्ह्याचे नाव २०२४ मध्ये राजगड करण्याचा शासनाने निर्णय घेतला. भोर संस्थानातही राजगड नावाचा तालुका होता, त्यामुळे जुन्या माणसांना हे नाव नवे वाटले नाही. बोलण्यात मात्र वेल्हेच आहे.) २०२० च्या पावसाळ्यात आम्ही मोबाइलसमोर बोलत बसलो आणि अकरावीची उपस्थिती घेऊ लागलो. वेल्ह्याच्या पश्चिमेकडील एका वाडीतली मुलगी दर दोन दिवसांनी, तीही पाचदहा मिनिटेच, दिसे. पाठीमागे धुके आणि डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद. घराजवळ रेंज नसल्याने ती टेपाडावर चढून येत असे, हे मला दिवाळीनंतर कळले. तोवर हजेरीपटात मी तिच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा भरत गेले होते. त्या खुणा खोडता आल्या; पण त्या मी केल्या होत्या, हे खोडता आले नाही.

आता मैत्रिणीच्या व्रताकडे आपल्या परंपरेतून पाहायचे, तर सर्वांत जवळचे आहे तो चातुर्मास. आषाढ शुद्ध एकादशीला देव झोपतात आणि कार्तिक शुद्ध एकादशीला उठतात. मधल्या काळात कुणी कांदालसूण सोडतो, कुणी वांगे, कुणी एकवेळचे जेवण. बौद्धांचा वर्षावास आणि जैनांचा चातुर्मास याच ऋतूतले. या सर्वांच्या मुळाशी भूगोल आहे हे भोर-वेल्ह्यात राहणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. नद्यांना पूर, पायवाटांवर शेवाळ, घाटात दरडी. परिव्राजकाने पावसात फिरू नये, पायाखाली जीव चिरडू नयेत, म्हणून एका ठिकाणी राहावे, हा नियम अशा ऋतूत सुचला. मावळात मिरगाच्या आधी मीठ, सरपण, सुकी मासळी अशी बेगमी करून ठेवीत आणि मग भातखाचरे व घर एवढेच जग उरे. मराठ्यांच्या मोहिमाही पावसाळ्यात थंडावत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन होऊन पुन्हा निघत. राजगड दीर्घकाळ शिवाजीमहाराजांची राजधानी होता. त्या गडावरचा पावसाळा कसा असेल याची कल्पना आजही जुलैत वर चढणाऱ्याला येते. दहा पावलांवरचे दिसत नाही.

संपर्क तुटणे हे आधी घडते, व्रत त्याच्यामागून येते. जे टाळता येत नाही त्याला आरंभ आणि शेवट देऊन, त्यात नियम घालून, माणसाने त्याला आपले केले. भोरहून वरंधा घाट उतरले की शिवथरघळ येते. समर्थ रामदासांनी दासबोधाची रचना तिथे केली आणि कल्याणस्वामींनी ती लिहून घेतली, अशी परंपरा आहे. पावसाळ्यात घळीसमोरचा धबधबा असा कोसळतो की दोन माणसांना एकमेकांचे बोलणे ऐकू जाणे कठीण. परंपरेने ग्रंथरचनेसाठी हीच जागा का स्मरणात ठेवली असेल, याचा विचार वर्गात करायला मला आवडते. हा घाट आजही पावसाळ्यात दरडींमुळे अनेकदा वाहतुकीस बंद ठेवावा लागतो.

पण तुटलेला संपर्क आणि सोडलेला संपर्क या दोहोंना एकच शब्द वापरणे ही लबाडी आहे. आपल्याच भाषेच्या इतिहासात याचे एक कठोर उदाहरण आहे. सोळाव्या शतकात गोव्यात धर्मांतरितांकडून जुनी पुराणे सोडवली गेली, पोथ्या नष्ट झाल्या. हा त्याग नव्हे, ही जप्ती होती. फादर स्टीफन्स यांनी क्रिस्तपुराण का रचले याचे त्यांनी दिलेले कारण याच रिकामेपणाशी जोडलेले आहे. पूर्वीची पुराणे गेली, तर त्यांच्या जागी वाचायला आपल्या भाषेत काही असावे, अशी मागणी नवख्रिस्ती लोकांतूनच आली. १६१६ साली रायतूर येथे छापलेला तो ओवीबद्ध ग्रंथ आज आपण भाषेच्या गौरवासाठी शिकवतो. विद्यार्थ्यांना परीक्षेत ओव्यांची संख्या लिहावी लागते. तो ज्या पोकळीत जन्मला ती पोकळी मात्र अभ्यासक्रमात येत नाही. मीही इतकी वर्षे ती आणली नव्हती.

खाजगी त्यागाबद्दल मला दुसरी एक शंका आहे, ती ज्ञानदेवांमुळे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात म्हटले आहे की निराहारी माणसाचे विषय दूर होतात, पण त्यांची गोडी उरते. ज्ञानदेव तिथे झाडाचा दृष्टान्त देतात. वरची पालवी खुडावी आणि मुळाला मात्र पाणी घालीत राहावे, तर झाड मरेल कसे? आठ दिवस फोन बंद ठेवून नवव्या दिवशी आपण फोन बंद ठेवला होता हे सर्वांना कळवणारा गृहस्थ ज्ञानदेवांना अनोळखी वाटला नसता. (मी स्वतः २०२३ च्या दिवाळीत हेच केले. चौथ्याच दिवशी.)

चातुर्मासाच्या कहाण्यांत म्हणूनच वसा कधी एकट्याचा नसतो. कुणीतरी तो देतो, कुणीतरी घेतो, आणि मध्येच सोडणाऱ्यावर अवकळा येते ती साऱ्या घराला दिसते. शेवटी उद्यापन असते, आणि त्यात बहुधा जी वस्तू सोडली तीच दान करायची असते. हे दान मला या व्यवस्थेतले सर्वांत शहाणपणाचे कलम वाटते, कारण सोडलेली वस्तू वाईट नाही हे त्यात मान्य केलेले आहे. ती चांगली आहे, म्हणूनच दुसऱ्याला द्यायची.

असा सामुदायिक वसा आपल्या काळात, आणि धर्माचा आधार जवळजवळ न घेता, घेतला तो सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथे रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही व मोबाइल बंद ठेवावेत असा गावाने ठराव केला. कोरोनाकाळात शाळा मोबाइलवर आली, शाळा परत गेली, मोबाइल राहिला. मुले अभ्यासाला बसेनात, हे निमित्त. आरंभीच्या दिवसांत लोकांना समजावायला माणसे दारोदार फिरली. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले तेही १५ ऑगस्टलाच, १९९५ साली. योगायोगच, पण टिपून ठेवण्याजोगा. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी या गावाने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदी करून दंडाची भाषा केली. मला वडगावचा मार्ग अधिक पटतो. तिथे आईबापही फोन खाली ठेवतात. बान्सीत मोठ्यांनी लहानांचा त्याग करून घेतला, असेच म्हणावे लागेल.

मार्चच्या अखेरीस मैत्रिणीचे पत्र आले. चार पाने, दोन्ही बाजूंनी. सुरुवातीला हात सारखा पर्सकडे जाई, आता जात नाही. पॅरिशमधल्या दोन म्हाताऱ्या बायांकडे संध्याकाळी जाऊन बसते आणि त्या कादोडीत बोलतात ते लिहून घेते, असे तिने कळवले होते. मी ते पत्र तृतीय वर्षाच्या वर्गात वाचून दाखवले. उत्साहाच्या भरात, आपणही परीक्षेपूर्वी असे काही दिवस ठरवू या, असे सुचवले. मुले हसली. टेपाडावर चढणारी ती मुलगी आता याच वर्गात होती, दुसऱ्या बाकावर. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुमच्या मैत्रिणीनं सोडलं. आमच्याकडं आलंच नव्हतं. आम्हाला त्याचं काय मिळालं?"

वर्गात मी काही तरी उत्तर दिले. ते उत्तर नव्हते. संध्याकाळी मात्र तिचा प्रश्न जसाच्या तसा पत्रात लिहून वसईला पाठवला. ईस्टरच्या आठवड्यात फोन सुरू झाल्यावर मैत्रिणीने पहिला संदेश मला केला. शुभेच्छा वगैरे नव्हत्या. 'त्या मुलीच्या घरी आता रेंज आहे का?' एवढेच विचारले होते.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला विचारले. "घरात नाही येत," ती म्हणाली. "पण गोठ्याच्या पायरीवर उभं राहिलं की एक दांडी येते."