गेम विकत घेतला, पण मालक कोण?

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातील शहरांत वाढलेल्या पिढीला ‘व्हिडिओ गेम’ म्हटले, की टीव्हीला वायरने जोडलेला प्लास्टिकचा डबा, दोन जॉयस्टिक आणि वरून खोचायची कॅसेट आठवते. उन्हाळ्याच्या सुटीत ही कॅसेट एका घरातून दुसऱ्या घरात फिरत असे. ‘मारिओ’च्या बदल्यात ‘काँट्रा’ असा व्यवहार होई. गेम सुरू झाला नाही, तर कॅसेट काढून तिच्यावर फुंकर मारली जाई आणि ती पुन्हा बसवली जाई. फुंकरीचा खरे तर उपयोग नसे. कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने तिच्या धातूच्या पट्ट्यांचा संपर्क नीट जुळे, एवढेच. उलट श्वासातील ओलाव्याने त्या पट्ट्या कालांतराने गंजत. मात्र एक गोष्ट निर्विवाद होती. कॅसेट ज्याच्या हातात, गेम त्याचा.

आज कन्सोल विकत घेणाऱ्याला हे तितक्या ठामपणे म्हणता येत नाही. सोनीचा ‘प्लेस्टेशन ५’ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी दाखल झाला, तेव्हा त्याच्या दोन आवृत्त्या होत्या. डिस्क घालण्याची सोय असलेली ४९,९९० रुपयांना आणि ती नसलेली ‘डिजिटल’ आवृत्ती ३९,९९० रुपयांना. नवे यंत्र आले, की गॅजेटप्रेमींची चर्चा प्रोसेसर, ग्राफिक्स आणि साठवणक्षमता यांभोवती रंगते. या दोन किमतींमधील दहा हजार रुपयांच्या फरकात आणखी एक हिशेब दडलेला आहे. पैसे मोजून ग्राहकाच्या हाती नेमके काय येते, याचा तो हिशेब आहे आणि त्याला जवळपास अर्ध्या शतकाचा इतिहास आहे.

कॅसेट आणि कुलूप

गेम स्वतंत्र कार्ट्रिजमधून, म्हणजे आपल्याकडील भाषेत कॅसेटमधून, विकण्याची पद्धत अमेरिकेत १९७६ मध्ये ‘फेअरचाइल्ड चॅनल एफ’ या कन्सोलने आणली. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘अटारी २६००’ने ती लोकप्रिय केली. यंत्र एकदाच घ्यायचे आणि गेम हवे तितके, ही कल्पना ग्राहकांना पसंत पडली. १९७९ मध्ये अटारीतून बाहेर पडलेल्या काही प्रोग्रामरांनी ‘अॅक्टिव्हिजन’ ही कंपनी काढली आणि अटारीच्याच यंत्रासाठी गेम विकायला सुरुवात केली. अटारीने त्यांना न्यायालयात खेचले. पण बाहेरच्यांनी गेम बनवणे त्यानंतर थांबले नाही.

ही मुक्त बाजारपेठ फार काळ टिकली नाही. निकृष्ट गेमचा सुळसुळाट झाला आणि १९८३ मध्ये अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा व्यवसाय कोसळला. अटारीने आपल्या न खपलेल्या कॅसेट न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथील कचरा डेपोत पुरल्या. २०१४ मध्ये तेथे उत्खनन झाले, तेव्हा त्या खरोखरच सापडल्या.

या पडझडीतून जपानच्या ‘निन्टेन्डो’ने धडा घेतला. १९८५ मध्ये अमेरिकेत ‘एनईएस’ हे यंत्र आणताना कंपनीने त्यात एक छोटी चिप बसवली. तशीच चिप कॅसेटमध्येही असे. दोन्ही चिपांचा परस्परांशी संकेत जुळला नाही, तर यंत्र पुनःपुन्हा बंद-चालू होत राही. त्यामुळे निन्टेन्डोच्या परवान्याशिवाय त्या यंत्रासाठी गेम विकणे कठीण झाले. परवाना घेणाऱ्या कंपन्यांवर वर्षाला पाचच गेमची मर्यादा होती आणि कॅसेटचे उत्पादनही निन्टेन्डोकडूनच करून घ्यावे लागे. दर्जा राखणे हे यामागील एक कारण होते. दुसरे कारण अर्थातच पैशाचे होते.

निन्टेन्डोच्या जपानी यंत्रात, म्हणजे १९८३ च्या ‘फॅमिकॉम’मध्ये, हे कुलूप नव्हते. त्यामुळे त्याच्या नकला सहज तयार झाल्या. भारतात घरोघरी पोहोचलेले स्वस्त डबे बहुतांशी याच नकलांचे होते. एकाच कॅसेटमध्ये हजारो गेम असल्याचा दावा करणारी वेष्टने आणि प्रत्यक्षात त्याच त्या मोजक्या गेमची पुनरावृत्ती, हा अनुभव त्या काळातील अनेकांच्या परिचयाचा आहे.

यंत्र तोट्यात, नफा गेममध्ये

कन्सोलचा व्यवसाय इतर इलेक्ट्रॉनिक वस्तूंहून वेगळा आहे. टीव्ही किंवा फ्रिज विकून कंपनीला नफा होतो आणि व्यवहार तेथे संपतो. कन्सोल मात्र अनेकदा उत्पादन खर्चाहून कमी किमतीत विकला जातो. ‘प्लेस्टेशन ३’ नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेत आला, तेव्हा त्याच्या दोन आवृत्त्यांची किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर होती. यंत्र सुटे करून आतील भागांचा हिशेब मांडणाऱ्या ‘आयसप्लाय’ या संस्थेने उत्पादन खर्चाचा अंदाज अनुक्रमे सुमारे ८०६ आणि ८४० डॉलर असा दिला होता. म्हणजे प्रत्येक यंत्रामागे दोनशे ते तीनशे डॉलरचा तोटा. २०२१ मध्ये ‘एपिक’ विरुद्ध ‘अॅपल’ या खटल्यात साक्ष देताना मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्यानेही, ‘एक्सबॉक्स’ यंत्रांच्या विक्रीतून कंपनीला कधीही नफा झालेला नाही, असे सांगितले. याला अपवाद आहेत. प्रोसेसरच्या ताकदीऐवजी हातवाऱ्यांनी खेळण्याच्या कल्पनेवर भर देणारा निन्टेन्डोचा ‘वी’ २००६ मध्ये २५० डॉलरला आला, नफ्यात विकला गेला आणि त्याची विक्री दहा कोटींच्या पुढे गेली.

तोटा भरून निघतो तो गेममधून. दुसऱ्या कंपनीचा गेम कन्सोलच्या ऑनलाइन दुकानात विकला गेला, की सर्वसाधारणपणे ३० टक्के रक्कम कन्सोल बनवणाऱ्याकडे जाते. जुन्या डिस्कच्या पुनर्विक्रीतून मात्र त्याला काहीच मिळत नाही. एका मित्राने दुसऱ्याला दिलेली डिस्क, दुकानदाराने अर्ध्या किमतीत विकलेली डिस्क, भाड्याने दिलेली डिस्क, हे सारे व्यवहार त्याच्या हिशेबाबाहेर होतात. डिस्कची खाच नसलेले यंत्र दहा हजार रुपयांनी स्वस्त का मिळते, याचे उत्तर बऱ्याच अंशी येथे आहे.

विकलेले यंत्र, काढून घेतलेली सोय

यंत्र इंटरनेटला जोडले गेले आणि विक्रीनंतरही त्यात बदल करणे कंपन्यांना शक्य झाले. याचे ठळक उदाहरण ‘प्लेस्टेशन ३’चेच आहे. या यंत्रावर ‘लिनक्स’ ही संगणक प्रणाली बसवण्याची अधिकृत सोय होती. अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने २०१० मध्ये सुमारे १,७६० ‘प्लेस्टेशन ३’ एकत्र जोडून महासंगणक उभारला, तो याच बळावर. मात्र १ एप्रिल २०१० रोजी आलेल्या अद्ययावत प्रणालीने सुरक्षेचे कारण देत ही सोय काढून टाकली. ग्राहकापुढे दोनच पर्याय उरले. नवी प्रणाली स्वीकारून लिनक्स गमवायचे, किंवा ती नाकारून ऑनलाइन खेळ गमवायचा. याविरुद्ध अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा दाखल केला आणि अनेक वर्षांनी तो तडजोडीने मिटला.

डिस्कच्या मालकीवर थेट घाला घालण्याचा प्रयत्न २०१३ मध्ये झाला. ‘एक्सबॉक्स वन’ने दिवसातून किमान एकदा इंटरनेटवर हजेरी लावली पाहिजे आणि जुन्या गेमच्या पुनर्विक्रीवर बंधने राहतील, असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले. जून महिन्यात लॉस एंजलिसमधील प्रदर्शनात सोनीने त्याला एका छोट्या चित्रफितीने उत्तर दिले. ‘प्लेस्टेशन ४’वर गेम मित्राला कसा द्यायचा, हे तीत दाखवले होते. एकाने डिस्क दुसऱ्याच्या हातात ठेवली आणि चित्रफीत संपली. ग्राहकांचा रोष पाहून मायक्रोसॉफ्टने १९ जून २०१३ रोजी ही योजना मागे घेतली.

ती लढाई ग्राहकांनी जिंकली. पण पुढील काळात वारे दुसऱ्याच दिशेने वाहू लागले. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेला महागडा ‘प्लेस्टेशन ५ प्रो’ डिस्क ड्राइव्हविनाच विकला जाऊ लागला. ती हवी असल्यास वेगळे पैसे मोजावे लागतात. ५ जून २०२५ रोजी बाजारात आलेल्या निन्टेन्डोच्या ‘स्विच २’साठी काही गेम अशा कार्डावर मिळतात, की ज्यात गेम नसतोच. गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा आणि खेळताना कार्ड किल्लीसारखे यंत्रात ठेवायचे. हे कार्ड दुसऱ्याला देता किंवा विकता येते, ही त्यातील जमेची बाजू. कंपनीचा सर्व्हर ज्या दिवशी बंद होईल, त्या दिवसानंतर गेम नव्याने उतरवता येणार नाही, ही उणी बाजू.

दुकान बंद झाल्यावर

सर्व्हर बंद होणे ही केवळ शक्यता उरलेली नाही. निन्टेन्डोने ‘वी’चे ऑनलाइन दुकान जानेवारी २०१९ मध्ये बंद केले. ‘वी यू’ आणि ‘३डीएस’ या यंत्रांवरील खरेदी २७ मार्च २०२३ रोजी थांबली. ‘एक्सबॉक्स ३६०’चे दुकान २९ जुलै २०२४ रोजी बंद झाले. ‘प्लेस्टेशन ३’चे दुकान बंद करण्याची घोषणा सोनीने २०२१ मध्ये केली होती, ग्राहकांच्या नाराजीनंतर ती फिरवण्यात आली. केवळ डिजिटल स्वरूपात आलेले अनेक गेम अशा वेळी कायदेशीर मार्गाने मिळेनासे होतात. ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ या संस्थेच्या २०२३ मधील अभ्यासानुसार, अमेरिकेत २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम बाजारात उपलब्ध नव्हते.

डिस्क हाती असली, तरी नेहमीच निभाव लागतो असे नाही. युबीसॉफ्टचा ‘द क्रू’ हा मोटार शर्यतीचा गेम २०१४ मध्ये आला. एकट्याने खेळतानाही त्याला कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेले राहावे लागे. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि पैसे देऊन घेतलेल्या डिस्क निरुपयोगी ठरल्या. यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही ग्राहक चळवळ उभी राहिली. विकलेला गेम खेळण्याजोग्या अवस्थेत ठेवण्याचे बंधन कंपन्यांवर घालावे, या मागणीसाठी युरोपीय संघाकडे केलेल्या याचिकेवर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून अधिक स्वाक्षऱ्या झाल्या.

कायद्यानेही या प्रश्नाची दखल घेण्यास सुरुवात केली आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये संमत केलेला कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. जो डिजिटल माल पुढे काढून घेतला जाऊ शकतो, तो विकताना ‘हा केवळ वापराचा परवाना आहे’ असे ग्राहकाला स्पष्ट सांगणे त्याने बंधनकारक केले. परवाना कधी रद्द करता येईल, यावर मात्र हा कायदा बंधन घालत नाही.

डिजिटलची जमेची बाजू

याचा अर्थ डिजिटल गेम ही केवळ फसवणूक आहे, असे मानणे अन्यायाचे ठरेल. डिस्क छापण्याचा आणि दुकानांपर्यंत पोहोचवण्याचा खर्च वाचल्यामुळे दोन-चार जणांच्या चमूलाही आपला गेम जगभर विकता येऊ लागला. सवलतीच्या काळात डिजिटल गेम बरेच स्वस्त मिळतात. मोठ्या शहराबाहेरच्या ग्राहकाला दुकान शोधत हिंडावे लागत नाही. शिवाय हातातली वस्तूही अमर नसते. जुन्या काही कॅसेटमधील खेळाची प्रगती जपणारी बॅटरी कालांतराने संपते, डिस्कवर ओरखडे उठतात, ती वाचणारे लेसर भिंग निकामी होते. फरक एवढाच, की बॅटरी बदलता येते आणि भिंगही दुरुस्त होते. मुंबईतील लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारपेठांत अशी दुरुस्ती होत आली आहे. सर्व्हर बंद झाला, तर कोणताही कारागीर काही करू शकत नाही.

खरेदीपूर्वीचा हिशेब

भारतीय ग्राहकाच्या दृष्टीने हा हिशेब अधिक नेटका मांडायला हवा. ‘प्लेस्टेशन ५’च्या सुरुवातीच्या काळात सोनीच्या मोठ्या गेमची भारतातील किंमत ४,९९९ रुपये होती. असा गेम खेळून झाल्यावर डिस्क निम्म्या किमतीत विकली गेली, असे गृहीत धरले, तर चार गेममध्येच दहा हजार रुपये परत येतात आणि दोन यंत्रांच्या किमतींतील फरक भरून निघतो. वर्षाला एखाद-दुसराच गेम घेणाऱ्याला किंवा सवलतीची वाट पाहणाऱ्याला मात्र डिजिटल आवृत्ती परवडू शकते.

म्हणून यंत्र घेताना तीन गोष्टी तपासाव्यात. त्यात डिस्क ड्राइव्ह आहे का आणि नसल्यास ती नंतर जोडता येते का. हवा असलेला गेम इंटरनेटविना चालतो का. ही माहिती बहुधा वेष्टनाच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत असते. आणि आधीच्या यंत्रावरील गेम नव्या यंत्रावर चालतात का. एकट्याने खेळायच्या, वर्षानुवर्षे जपून ठेवाव्याशा वाटणाऱ्या गेमसाठी डिस्क अजूनही उत्तम. केवळ ऑनलाइन चालणाऱ्या गेमसाठी मात्र, ते पैसे मालकीचे नसून भाड्याचे आहेत असे समजूनच खिशात हात घालावा.