देशी वनस्पतींची परसबाग

देशी वनस्पतींची परसबाग म्हणजे घराभोवतीच्या मोकळ्या जागेत त्या प्रदेशात निसर्गतः वाढणारी झाडे, झुडपे व वेली लावून पक्षी, फुलपाखरे, मधमाश्या आणि इतर लहान जीवांना अन्न, पाणी व आसरा मिळवून देणारी बाग होय. महाराष्ट्रात परसात उपयोगी झाडे लावण्याची प्रथा जुनी आहे. अडुळसा, पारिजातक, कढीपत्ता ही परसातील नेहमीची झाडे देशीच आहेत. हिरवळीचा गालिचा आणि शोभेचे पाम ही अलीकडची रीत होय.

देशी कोणते?

पिढ्यान्‌पिढ्यांच्या परिचयामुळे अनेक परकी झाडे आपलीशी वाटतात. गुलमोहर मादागास्करचा, तर गिरिपुष्प व पर्जन्यवृक्ष अमेरिका खंडातील आहेत. शिवाय देशीपण प्रदेशानुसार बदलते. कोकम व सुरंगी कोकणात सहज रुजतात. वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या पुण्यात त्यांना जपावे लागते. एखादी वनस्पती आपल्या भागातील आहे की नाही हे ठरविण्यासाठी थिओडोर कुक यांचा 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे' (१९०१–०८) हा ग्रंथ आजही उपयोगी पडतो.

फुलपाखरे व खाद्यवनस्पती

फुलातील मध पुष्कळ फुलपाखरांना चालतो. सुरवंटांचे तसे नसते. प्रत्येक जातीचा सुरवंट ठरावीक वनस्पतींचीच पाने खातो. मादी पानावर उतरून पायांवरील संवेदी केसांनी त्याची चव घेते आणि योग्य पान सापडल्यावरच अंडी घालते. म्हणूनच केवळ फुलांनी भरलेल्या बागेत फुलपाखरे येतात आणि निघून जातात. घाणेरी हे याचे ठळक उदाहरण. तिच्या फुलांवर फुलपाखरांची झुंबड उडते, परंतु ही आक्रमक परकी वनस्पती रानातील देशी झुडपांची जागा बळकावते. तिच्याऐवजी धायटी लावणे श्रेयस्कर.

ब्लू मॉरमॉन या फुलपाखराला २०१५ मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित करण्यात आले. त्याचे सुरवंट लिंबूवर्गीय झाडांवर वाढतात. कॉमन मॉरमॉन कढीपत्त्यावर, कॉमन एमिग्रंट बहाव्यावर, तर प्लेन टायगर रुईवर अंडी घालते. रुईच्या चिकातील विषारी द्रव्ये सुरवंटाच्या शरीरात साठतात, त्यामुळे प्रौढ फुलपाखरूही पक्ष्यांना बेचव लागते. ईश्वरी या वेलीवर कॉमन रोझ वाढते. तेही असेच विषारी असल्याने कॉमन मॉरमॉनच्या काही माद्या हुबेहूब त्याचे रूप धारण करतात. एक कढीपत्ता आणि एक ईश्वरीचा वेल असल्यास हा सोंगाचा खेळ अंगणातही पाहता येतो. अर्थात खाल्लेली पाने हेच अशा बागेचे यश असल्याने पानांना भोके पडताच फवारणी करणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

पक्षी

करवंदाची दाट काटेरी जाळी बुलबुलांना फळे देते व घरट्याला संरक्षणही. शिंजीर कोळ्याच्या जाळ्यांचे धागे वापरून लोंबते घरटे विणतो, त्यामुळे बागेतील सगळीच जाळी झाडून काढू नयेत. तांबट वाळलेल्या फांदीत ढोली कोरतो. धोका नसेल तेथे अशी एखादी फांदी राखावी. उंबर व वड यांची फळे पक्ष्यांना प्रिय असली तरी त्यांची मुळे पायाला व पाण्याच्या टाकीला इजा करतात. लहान अंगणात ही झाडे लावू नयेत.

देखभाल

रोपे पावसाळ्याच्या आरंभी लावतात. पहिले एक-दोन उन्हाळे पाणी द्यावे लागते, पुढे गरज कमी होते. पालापाचोळा जाळू नये; त्यातील कीटक व गांडुळे हे दयाळासारख्या पक्ष्यांचे खाद्य आहे. पाण्याचे भांडे उथळ असावे व डास होऊ नयेत म्हणून पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलावे.

शेजाऱ्यांचा मुख्य आक्षेप सापांविषयी असतो व तो अगदीच निराधार नाही. साप बहुधा उंदीर, बेडूक आणि अडगळ यांच्या मागे येतात. त्यामुळे खरकटे उघड्यावर टाकू नये, विटा-दगडांचे ढीग भिंतीलगत ठेवू नयेत आणि घराभोवतीचा पट्टा मोकळा राखावा.

रोपांसाठी रानातील झाडे उपटून आणू नयेत. वन विभागाच्या रोपवाटिकांत बहावा, करंज, कांचन यांची रोपे मिळतात. ईश्वरीसारख्या वेलींसाठी मात्र बी मिळवून घरीच रोपे करावी लागतात.