राष्ट्राचा मालक कोण?

हुकूमशाहीचा विषय निघाला की आपला अभ्यासक थेट रोम किंवा बर्लिन गाठतो. मुसोलिनी, हिटलर, त्यांचे गणवेशधारी तरुण, मशालींच्या मिरवणुका ही सगळी चित्रे आपल्याला पाठ आहेत. मात्र मराठवाड्यातल्या माणसाला एवढ्या लांब जाण्याचे कारण नाही. राष्ट्रवादाची भाषा बोलत एक संघटना कशी उभी राहते आणि सरकारला बाजूला सारून ती सत्ता कशी हातात घेते, याचा पुरा धडा आपल्याच अंगणात घडून गेला आहे. त्याचे मुख्य पात्र लातूरला वकिली करीत होते. नांदेडला इतिहास शिकवताना मला नेहमी जाणवत आले, की मुक्तिसंग्राम आपण शौर्यगाथा म्हणून सांगतो आणि हा धडा मात्र वगळून टाकतो.

१९४१च्या शिरगणतीप्रमाणे हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ६३ लाख होती. त्यात मुसलमान साधारण आठात एक. पण दरबार, पोलीस आणि वरिष्ठ नोकऱ्या यांत त्यांचेच प्राबल्य होते. मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या या मुलखात १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. या पार्श्वभूमीवर १९२७ साली मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन निघाली. आरंभी तिचे काम मुसलमानांमधल्या पंथोपपंथांना एकत्र आणण्याचे, म्हणजे धार्मिक आणि सामाजिक स्वरूपाचे होते. तिला राजकीय धार आणली ती बहादूर यार जंग यांनी. विलक्षण ताकदीच्या या वक्त्याने एक सूत्र दिले : ‘अनल मलिक’, म्हणजे मीच सत्ताधीश. तख्त एकट्या निजामाचे नसून संस्थानातल्या प्रत्येक मुसलमानाचे आहे आणि निजाम हे त्या सामुदायिक सत्तेचे केवळ प्रतीक, असा त्याचा अर्थ.

या सूत्राची किमया नीट पाहावी. टांगा हाकणाऱ्या, विड्या वळणाऱ्या, सावकाराच्या कर्जात बुडालेल्या मुसलमानाच्या पदरात त्याने काहीच टाकले नाही. जमीन दिली नाही की नोकरी दिली नाही. पण तू राज्याचा मालक आहेस, असे त्याला सांगितले आणि लगोलग दुसरी गोष्ट सांगितली, की तुझी ही मालकी धोक्यात आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत पराभूत, बेकार, महागाईने पिचलेल्या माणसाला हेच दोन डोस एकापाठोपाठ एक मिळाले होते : तू श्रेष्ठ आहेस आणि तुझा घात झाला आहे. अभिमान आणि भय यांचे हे मिश्रण पोटाची भूक भागवत नाही, पण ती काही काळ विसरायला लावते.

दुसरी गोष्ट सनदशीर मार्ग बंद करण्याची. १९२९च्या गश्ती निशान ५३ने परवानगीशिवाय जाहीर सभा घेण्यास मनाई केली. महाराष्ट्र परिषदेची अधिवेशने परतूरला आणि लातूरला भरली, पण १९३८ साली स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. ती जातीय संघटना आहे, असा सरकारचा आरोप होता. ही बंदी १९४६पर्यंत टिकली. जबाबदार राज्यपद्धती मागणाऱ्या मवाळ माणसाला सरकार जेव्हा दार लावून घेते, तेव्हा त्या दारातून शेवटी आत शिरतो तो लाठी घेतलेला माणूस.

बहादूर यार जंग १९४४ साली वारले. दोन वर्षांनी मजलिसचे अध्यक्षपद लातूरच्या कासिम रझवींकडे आले आणि रझाकार हे स्वयंसेवक दल नावापुरते न राहता खाजगी सैन्य बनू लागले. ऑक्टोबर १९४६मध्ये बिलोलीजवळ अर्जापूर इथे गोविंदराव पानसरे मारले गेले. नांदेड जिल्ह्याने भविष्याची पहिली चाहूल तेव्हाच घेतली.

निर्णायक क्षण पुढच्या वर्षी आला. ऑक्टोबर १९४७मध्ये भारताशी ‘जैसे थे’ कराराचा मसुदा ठरत आला होता. २७ ऑक्टोबरला पहाटे मजलिसच्या हजारोंच्या जमावाने पंतप्रधान छतारीचे नवाब, निजामाचे कायदेशीर सल्लागार वॉल्टर मॉन्क्टन आणि सर सुलतान अहमद यांच्या घरांना वेढा घातला. शिष्टमंडळाला दिल्लीला जाऊ द्यायचे नाही, एवढाच जमावाचा हेतू होता. निजामाकडे फौज होती, पोलीस होते. त्याने ते वापरले नाहीत. छतारींनी पद सोडले, शिष्टमंडळ बदलले गेले आणि लवकरच मीर लायक अली पंतप्रधान झाले. यानंतर सत्ता कागदोपत्री निजामाची आणि प्रत्यक्षात जमावाची, अशी स्थिती झाली.

याच्या पंचवीस वर्षे आधी, २८ ऑक्टोबर १९२२ रोजी, मुसोलिनीचे काळे डगलेवाले रोमच्या वेशीवर जमले होते. इटलीच्या राजाकडेही सैन्य होते. त्याने लष्करी कायद्याच्या हुकमावर सही केली नाही आणि मुसोलिनीला सरकार बनवायला बोलावले. ३० जानेवारी १९३३ला जर्मनीतल्या जुन्या धुरीणांनी हिटलरला चॅन्सेलर केले, तेही त्याला आपण मुठीत ठेवू या भरवशावर. तिन्ही ठिकाणी जमावाने किल्ला सर केला असे म्हणणे खरे नाही. किल्ल्याच्या धन्याने आतून कडी काढली.

अर्थात तुलनेला मर्यादा आहेत. जर्मनीत बहुसंख्येच्या नावाने राज्य बळकावले गेले, तर हैदराबादेत अल्पसंख्येच्या नावाने. नाझींकडे आधुनिक उद्योग आणि शिस्तबद्ध नोकरशाही होती. इथे जहागिरी, सरंजामी दरबार आणि मोडकळीला आलेली फौज होती. म्हणूनच बर्लिनला जे पाडायला महायुद्ध लागले, ते इथे १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत कोसळले. पण ज्याच्या नावाने हे सारे चालले, त्याच समाजातला विरोधक आधी गप्प केला जातो, ही खूण दोन्हीकडे सारखी आहे. भारतात विलीन व्हा असे लिहिणाऱ्या ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८मध्ये हैदराबादेत हत्या झाली. तेही मुसलमान होते. समाजाची मालकी सांगणाऱ्यांना समाजातलाच दुसरा आवाज सर्वांत जास्त टोचला.

आता या धड्याचे अवघड पान. १७ सप्टेंबरला आपली कथा संपते, इतिहास संपत नाही. पोलीस कारवाईनंतर काय घडले हे पाहण्यासाठी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती नेमली गेली. कारवाईच्या काळात आणि त्यानंतर किमान २७ हजार ते ४० हजार माणसे मेली, असा तिचा अंदाज होता. त्यात बहुसंख्य मुसलमान. सर्वाधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात असलेल्या लातुरात तर ही कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली, असे समितीने नोंदवले. हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमानांना जीव धोक्यात घालून वाचवल्याच्या नोंदीही त्याच अहवालात आहेत. अनेक दशके हा अहवाल लोकांपुढे आला नाही. रझाकारांनी ज्यांची घरे जाळली त्यांचे दुःख खरेच होते. पण ज्यांनी ती जाळली नव्हती त्यांच्याकडून त्याचा हिशेब वसूल केला गेला. ‘तू त्या समाजाचा, म्हणून तू गुन्हेगार’ हे गणित रझाकारांचेच होते. फक्त ते सोडवणारे हात बदलले होते. ज्याच्या नावाने रझाकार सत्ता गाजवत होते तो निजाम मात्र १९५०मध्ये राजप्रमुख झाला.

लोकशाही मिळाली म्हणून प्रश्न मिटतो असेही नाही. १९७५च्या आणीबाणीत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री नांदेडचेच शंकरराव चव्हाण होते. तरुणपणी त्यांनी निजामाविरुद्धच्या लढ्यात भाग घेतला होता. हा कुणा एका व्यक्तीवरचा ठपका नव्हे. स्वातंत्र्यासाठी लढलेला माणूसही राष्ट्राच्या सुरक्षिततेच्या नावाखाली स्वातंत्र्य गोठवणाऱ्या यंत्रणेचा भाग बनू शकतो, एवढेच यातून दिसते.

स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारीही राष्ट्रवादीच होते. त्यामुळे राष्ट्रवाद म्हणजे हुकूमशाहीची पायरी, हे समीकरण मला मान्य नाही. प्रत्येक राष्ट्रवादाला, आजच्याही, तीन प्रश्न मात्र विचारावे लागतात. या राष्ट्रात सगळे मालक आहेत, की काही मालक आणि बाकीचे पाहुणे? कायद्याबाहेरच्या दंडुक्याला सरकार आवरते, की त्याच्याकडे पाठ फिरवते? आणि आपल्यातल्याच शोएबुल्लाला ते लिहू देते का? पक्ष, धर्म, झेंडा यांपैकी कशानेही या प्रश्नांतून सूट मिळत नाही.

१७ सप्टेंबरला मराठवाड्यात ठिकठिकाणी झेंडावंदन होते, पानसरेंचे नाव आदराने घेतले जाते. ते घेतलेच पाहिजे. त्याच सभेत शोएबुल्ला खानांचेही नाव घेतले गेले आणि लातूर-नांदेडच्या त्या सप्टेंबरातल्या निनावी मृतांसाठी मिनिटभर उभे राहिले गेले, तर मुक्तिसंग्रामाचा अर्थ उणा होणार नाही. मुक्ती कुणापासून मिळवली हे आपल्याला माहीत आहे. कशापासून मिळवायची होती, हे तरी आपण त्या दिवशी आठवू.